शाळेत असतानाच कॉलेज : संधी कोणाची, खर्च कोणाचा?



१९८२ सालच्या मे महिन्यात लॉस एंजेलिस शहराच्या पूर्व भागातील गारफील्ड हायस्कूलच्या अठरा मुलामुलींनी कॅल्क्युलसची एक परीक्षा दिली. परीक्षा शाळेची नव्हती. ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावाने साऱ्या अमेरिकेत एकाच दिवशी घेतली जाणारी ती परीक्षा होती आणि तिच्यात चांगले गुण मिळवणाऱ्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या गणिताचे ‘क्रेडिट’, म्हणजे आपल्याकडे आता ज्याला श्रेयांक म्हणू लागले आहेत ते, शाळेच्या बाकावर बसूनच मिळत होते. अठराही जण उत्तीर्ण झाले. शाळा बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांतील मुलांची. परीक्षेचे काम पाहणाऱ्या ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ या संस्थेला त्यांपैकी चौदा उत्तरपत्रिकांतील चुका एकमेकींसारख्या वाटल्या आणि तिने या मुलांच्या गुणांविषयी संशय घेतला. त्यांच्यापुढे पुन्हा परीक्षेला बसण्याचा पर्याय ठेवण्यात आला. ऑगस्टच्या अखेरीस, मधला सगळा उन्हाळा पुस्तकापासून दूर गेलेला असताना, बारा जण पुन्हा बसले. बाराही जण पुन्हा उत्तीर्ण झाले.

या मुलांचे शिक्षक हाइमे एस्कालांते. ते मूळचे बोलिव्हियाचे, १९३० साली जन्मलेले. मायदेशी त्यांनी अनेक वर्षे भौतिकशास्त्र व गणित शिकवले होते. १९६०च्या दशकात ते अमेरिकेत आले तेव्हा त्यांची बोलिव्हियातील पदवी व अध्यापनाचा अनुभव तेथे कोणी मानला नाही. एका कॉफीच्या दुकानात फरशी पुसण्यापासून त्यांना सुरुवात करावी लागली. इंग्रजी शिकून, रात्रीच्या वर्गांना जाऊन, त्यांनी पदवी नव्याने मिळवली आणि १९७४ साली ते गारफील्डमध्ये शिक्षक झाले. श्रेयांक या गोष्टीचे मर्म एस्कालांते यांच्याच आयुष्यात दिसते. ज्ञान माणसाच्या डोक्यात असते, पण श्रेयांक दुसऱ्याच्या दफ्तरात असतो; आणि तो लिहायचा की नाही, लिहिलेला मानायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्ञान मिळवणाऱ्याकडे नसतो.

शाळेत असतानाच कॉलेजचे श्रेयांक मिळवण्याची ही व्यवस्था आज अमेरिकेत फार पसरली आहे. एका बाजूला वर सांगितलेली अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटची परीक्षा आहे. दुसऱ्या बाजूला ‘ड्युअल एन्रोलमेंट’ म्हणजे दुहेरी नावनोंदणी आहे : विद्यार्थ्याचे नाव एकाच वेळी शाळेच्याही पटावर आणि कॉलेजच्याही पटावर असते आणि एकच विषय दोन्हीकडे जमा धरला जातो. २०२२-२३ या एका शैक्षणिक वर्षात जवळजवळ पंचवीस लाख शालेय विद्यार्थ्यांनी असा निदान एक तरी विषय घेतला होता. तेथील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत तर आता दर पाच विद्यार्थ्यांमागे सुमारे एक विद्यार्थी अजून शाळेतलाच असतो. एवढ्या मोठ्या उलाढालीकडे ‘हुशार मुलांची सोय’ म्हणून पाहून चालणार नाही. हा सार्वजनिक पैशाचा, सार्वजनिक शाळांचा आणि शिक्षकांच्या श्रमाचा प्रश्न आहे.

प्रथम या श्रेयांकाचे कूळ पाहिले पाहिजे, कारण ते मोठे उद्बोधक आहे. विद्या तासांत मोजण्याची ही पद्धत कोण्या शिक्षणतज्ज्ञाच्या चिंतनातून निघालेली नाही. १९०५ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याने कॉलेजातील वृद्ध प्राध्यापकांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून एक कोटी डॉलर दिले. ज्या कामगारांच्या घामातून हा पैसा उभा राहिला त्यांना वार्धक्यात काय मिळाले, हा विषय आज बाजूला ठेवू. निधी वाटायचा तर कॉलेज कशाला म्हणायचे हे ठरवणे भाग होते. कार्नेगी प्रतिष्ठानाने नियम केला की शाळेत ठरावीक विषय ठरावीक तास शिकून आलेल्या विद्यार्थ्यालाच जे प्रवेश देते, तेच कॉलेज. वर्षभरात एका विषयाचे एकशेवीस तास म्हणजे एक ‘युनिट’ आणि प्रवेशाला अशी चौदा युनिटे. निवृत्तिवेतनाच्या ओढीने कॉलेजे नियमाला वश झाली, कॉलेजांच्या ओढीने शाळा झाल्या. पुढे १९१० साली याच प्रतिष्ठानाने मॉरिस कुक नावाच्या एका यंत्रअभियंत्याकडून विद्यापीठांच्या कार्यक्षमतेचा अहवाल लिहून घेतला. कुक हे फ्रेडरिक टेलर यांचे अनुयायी. कारखान्यातील मजुराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारे ते टेलर. कुक यांनी शिकवण्याचे माप म्हणून ‘विद्यार्थी-तास’ सुचवला. प्राध्यापकाच्या पेन्शनीचा हिशेब आणि कारखान्यातले घड्याळ यांच्या संयोगातून जन्मलेले हे नाणे आज जगभर ज्ञानाचे माप म्हणून चालते.

या नाण्याची आगाऊ उचल देण्याची कल्पना मात्र १९५०नंतरची. तिचा उगम गरिबांच्या शाळेत नाही. अँडोव्हर, एक्झेटर आणि लॉरेन्सव्हिल या तीन धनिक खासगी निवासी शाळा आणि हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे १९५१ साली एकत्र बसली. या शाळांतून या विद्यापीठांत जाणाऱ्या मुलांना शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत जे शिकवले तेच कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत पुन्हा ऐकावे लागते, मुले कंटाळतात, वेळ वाया जातो, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार खरी होती. फोर्ड प्रतिष्ठानाने स्थापलेल्या एका निधीने अभ्यासाचा खर्च दिला. त्याच सुमारास केनियन कॉलेजचे अध्यक्ष गॉर्डन चामर्स यांच्या पुढाकाराने बारा कॉलेजांनी शाळेतच कॉलेजच्या दर्जाचा अभ्यासक्रम कसा शिकवता येईल याची आखणी केली. १९५५ साली ही योजना ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेने आपल्या हाती घेतली आणि १९५६ साली एकशेचार शाळांतील बाराशे एकोणतीस विद्यार्थी तिच्या परीक्षांना बसले.

तो काळ कोरियातील युद्धाचा होता, हेही विसरता येत नाही. फोर्डच्या याच निधीने १९५१ साली साडेसोळा वर्षांखालील मुलांना शाळा पुरी होण्यापूर्वीच येल, शिकागो, कोलंबिया आणि विस्कॉन्सिन या चार विद्यापीठांत पाठवण्याची दुसरी एक योजना चालवली. लष्करी सेवेचे बोलावणे येण्यापूर्वी हुशार मुलाची कॉलेजची निदान दोन वर्षे पदरात पडावीत, हा तिचा उघड हेतू होता. वेळ वाचवण्याची घाई नेहमीच विद्यार्थ्याच्या जिज्ञासेतून जन्माला येते असे नाही.

तेव्हा मुळात ही योजना मूठभरांची. पण समाजातील साधने ज्याच्यासाठी घडवली त्याच्याच हातात कायम राहतात असेही नाही, आणि या विषयाचा खरा रस तेथेच आहे. एस्कालांते यांनी हे साधन उचलले ते त्यात काही नवे घालून नव्हे. परीक्षा तीच, अभ्यासक्रम तोच. मात्र त्या परीक्षेपर्यंत जाणारी वाट त्यांनी खालपासून बांधली. कॅल्क्युलसला बसायचे तर त्याआधी बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती पक्की हवी. ती हवी तर आठवी-नववीपासून गणिताचे वर्ग नीट चालले पाहिजेत. मुख्याध्यापक हेन्री ग्रॅडिलास यांनी त्यांना साथ दिली आणि मुलांना नुसत्या बेरीज-वजाबाकीत गुंतवून ठेवणारे ‘सोप्या गणिता’चे वर्ग कमी केले. सुट्टीत जवळच्या ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजमध्ये या मुलांसाठी वर्ग चालू लागले. १९८७ साली गारफील्डमधून या परीक्षेच्या पहिल्या पातळीत त्र्याहत्तर आणि वरच्या पातळीत बारा विद्यार्थी उत्तीर्ण झाले. १९८८ साली या कथेवर चित्रपट निघाला. चित्रपटात शिक्षक एका वर्षात चमत्कार करतो. प्रत्यक्षात एस्कालांते यांना १९८२पर्यंत पोहोचायलाच आठ वर्षे लागली होती. चमत्काराला अनुदान लागत नाही, म्हणून राज्यकर्त्यांना चमत्काराच्या गोष्टी आवडतात.

आणि पुढे काय झाले? ग्रॅडिलास शाळेतून गेले. एस्कालांते यांच्या वर्गात पन्नासाहून अधिक मुले दाटीवाटीने बसत, तर शिक्षक संघटनेच्या करारातील मर्यादा पस्तीसची. त्यावरून, आणि त्यांना मिळणाऱ्या प्रसिद्धीवरूनही, सहकाऱ्यांशी खटके उडू लागले. १९९१ साली त्यांनी गारफील्ड सोडले आणि काही वर्षांतच तेथील कॅल्क्युलसचा आकडा कोसळला. येथे संघटनेला दोष देऊन मोकळे होण्याचा मोह पुष्कळांना झाला आहे. पण वर्गात पस्तीसच मुले असावीत ही मागणी मुलांच्या विरोधात नव्हती. त्या शाळेला आणखी दोन गणिताचे शिक्षक दिले असते तर कराराची मर्यादाही राहिली असती आणि मुलेही राहिली असती. एका असामान्य माणसाच्या खांद्यावर उभी केलेली समता त्या माणसाबरोबर शाळेबाहेर गेली, यात नवल ते काय?

गारफील्डपासून काही मैलांवरच्या इंगलवूड शहरातील परिस्थिती १९९९ साली न्यायालयापुढे आली. तेथील हायस्कूलमधील जवळजवळ सर्व विद्यार्थी कृष्णवर्णीय अथवा लॅटिनो होते. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या ‘अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’ने विद्यार्थ्यांच्या वतीने कॅलिफोर्निया राज्यावर दावा लावला : या शाळेत अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचे अवघे तीन विषय शिकवले जातात, त्यांत गणित नाही की विज्ञान नाही, बेव्हर्ली हिल्सच्या श्रीमंत वस्तीतील शाळेत असे चौदा विषय आहेत, आणि विद्यापीठाच्या प्रवेशात मात्र या विषयांना ज्यादा वजन मिळते. म्हणजे शर्यतीत काहींना पुढून सुरुवात करू द्यायची आणि मग निकालाला गुणवत्ता म्हणायचे. दाव्यानंतर राज्याने २०००मध्ये अशा शाळांसाठी अनुदानाची योजना काढली. त्याने काही फरक पडला. पण केंद्रीय शिक्षण खात्याच्या २०२०-२१च्या पाहणीतसुद्धा असे आढळले की कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांची संख्या मोठी असलेल्या हायस्कुलांपैकी अवघ्या पस्तीस टक्के शाळांत कॅल्क्युलस शिकवले जाते. ज्या शाळांत ही मुले थोडी, तेथे हे प्रमाण चोपन्न टक्के आहे. जो विषय शाळेत शिकवलाच जात नाही त्याची परीक्षा सर्वांना खुली आहे, असे म्हणणे ही कायद्याच्या भाषेतील क्रूर थट्टा आहे.

या चित्राची दुसरी बाजू न्यूयॉर्कमध्ये दिसते, आणि ती अधिक आशादायक आहे. तेथील सिटी युनिव्हर्सिटीने १९७० साली शहरातील हायस्कूल उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश देण्याचे धोरण स्वीकारले होते आणि शिक्षण विनाशुल्क होते. या विद्यापीठाच्या क्वीन्स भागातील लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजमध्ये जॅनेट लीबरमन या मानसशास्त्राच्या अध्यापिकेने १९७४ साली ‘मिडल कॉलेज हायस्कूल’ काढले. कॉलेजच्या आवारातच शाळा. या शाळेने मुले निवडली ती हुशार म्हणून नव्हे, तर शाळा सोडून जाण्याच्या बेतात आहेत म्हणून. पंधरा-सोळा वर्षांच्या ज्या मुलाला शाळेने नालायक ठरवले आहे, त्याला त्याच शाळेत आणखी रगडून काही साधत नाही. त्याला मोठ्या माणसांमध्ये नेऊन बसवा, कॉलेजचे ग्रंथालय त्याचे आहे असे सांगा, कॉलेजचा एखादा विषय त्याला खरोखर घेऊ द्या, म्हणजे तो वर येतो, अशी ही धारणा. अँडोव्हर-एक्झेटरच्या योजनेत श्रेयांक हे पुढे असलेल्याला मिळणारे बक्षीस होते. लीबरमन यांनी ते मागे राहिलेल्यावर टाकलेल्या विश्वासाचे चिन्ह केले. साधन एकच, पण दोन्हींत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

या कल्पनेतून पुढे ‘अर्ली कॉलेज’ नावाच्या शाळा निघाल्या. २००२पासून मोठ्या प्रतिष्ठानांचा पैसाही तिकडे वळला. यांतील काही शाळांत अर्ज जागांपेक्षा अधिक आल्याने चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावे लागले. त्यामुळे चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली मुले यांची प्रामाणिक तुलना करणे संशोधकांना शक्य झाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात चिठ्ठी निघालेली मुले कॉलेजात अधिक प्रमाणात गेली आणि पदवी-पदविकाही त्यांनी अधिक प्रमाणात मिळवल्या, असे दिसून आले. गरिबाच्या मुलाला कॉलेज झेपत नाही या जुन्या समजाला याहून साधे उत्तर नाही. मात्र न्यूयॉर्कच्या कहाणीतील एक ओळ गाळता येणार नाही. १९७६ साली शहराचे दिवाळे निघण्याची वेळ आली तेव्हा सिटी युनिव्हर्सिटीने विनाशुल्क शिक्षण बंद केले. कॉलेजचे दार विनामूल्य उघडे होते तेव्हा त्याच्या उंबरठ्यावर शाळा बांधण्याला जो अर्थ होता, तो शुल्क बसल्यावर बदलला. आता शाळेत मिळवलेला प्रत्येक श्रेयांक म्हणजे पुढे वाचणारे डॉलर झाला.

आजच्या अमेरिकेत या योजनांची जाहिरात जवळजवळ याच शब्दांत होते : वेळ वाचवा, पैसा वाचवा. एका अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेचे शुल्क शंभर डॉलरच्या आसपास, तर खासगी विद्यापीठात तोच विषय घ्यायचा तर हजारो डॉलर. गरीब पालकाला हा हिशेब कळतो आणि त्याने तो करावा यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच की कॉलेजचे शिक्षण इतके महाग कोणी केले, की ते टाळण्याला सवलत म्हणावे लागावे? ज्या घराची छपरे गळतात त्या घरमालकाने भाडेकरूला छत्री स्वस्तात विकावी तसा हा प्रकार आहे. आणि छत्री विकणारी संस्थाही लहान नाही. नफा न कमावणारी म्हणून नोंदलेल्या कॉलेज बोर्डाचे वार्षिक उत्पन्न अब्ज डॉलरच्या घरात गेले आहे आणि त्याचा फार मोठा भाग याच परीक्षांतून येतो.

पैशाची बाजू कायद्याने कशी हाताळता येते हे पाहायचे तर मिनेसोटा राज्यात जावे लागेल. १९८५ साली तेथे गव्हर्नर रूडी पर्पिच यांच्या कारकिर्दीत असा कायदा झाला की अकरावी-बारावीच्या कोणत्याही विद्यार्थ्याने, प्रवेशाच्या अटी पुऱ्या केल्यास, शाळेऐवजी कॉलेजात जाऊन विषय घ्यावेत. शिक्षणशुल्क आणि पुस्तकांचा खर्च सरकार देईल. साऱ्या राज्याला लागू असलेला असा देशातील हा पहिला कायदा. पर्पिच हे खाणकामगाराचे पुत्र. क्रोएशियातून आलेल्या त्या घरात इंग्रजी बोलले जात नव्हते. ती भाषा त्यांना शाळेत गेल्यावर शिकावी लागली. त्यांचा पक्ष शेतकरी व कामगार यांचे नाव लावणारा होता. तरीही शाळाचालकांनी आणि शिक्षक संघटनांनी कायद्याला जोराचा विरोध केला. कारण कॉलेजला जाणारा पैसा नवा नव्हता. तो त्या विद्यार्थ्यामागे शाळेला मिळणाऱ्या अनुदानातून कापला जात होता. शाळेतील दहा चांगली मुले कॉलेजात गेली तर त्यांचे अनुदान गेले, पण शाळेची इमारत, वीज, बस आणि उरलेल्या मुलांचे शिक्षक यांचा खर्च तेवढाच राहिला. हा आक्षेप निव्वळ स्वार्थाचा म्हणून झटकता येत नाही. विद्यार्थ्याचा हक्क आणि मागे राहणाऱ्या वर्गाचा हक्क, दोन्ही खरे आहेत आणि एकाच थैलीतून ते भागवायला निघाल्यावर भांडण अटळ आहे.

या भांडणातून निघालेली एक तरतूद मोठी मासलेवाईक होती. कित्येक वर्षे त्या राज्यात कॉलेजांना असा मज्जाव होता की आर्थिक फायद्याचे कारण पुढे करून शालेय विद्यार्थ्यांना या योजनेसाठी आकर्षित करू नये. म्हणजे कायद्याने शिक्षण विनाशुल्क केले आणि ते विनाशुल्क आहे हे मोठ्याने सांगायला कायद्यानेच बंदी केली! ज्यांच्या घरी कॉलेज पाहिलेले कोणी आहे त्यांना अशी माहिती जाहिरातीविनाही मिळते. बंदीचा फटका कोणाला बसला हे सांगायला नको. २०१४ साली ती उठली.

शाळांनी दुसरी वाट काढली. मुलाला कॉलेजात पाठवण्याऐवजी कॉलेजचा विषय शाळेतच, शाळेच्याच शिक्षकाने शिकवायचा आणि कॉलेजने त्यावर शिक्का मारायचा. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठ हे १९७०च्या दशकाच्या आरंभापासून करीत आले होते. आज दुहेरी नावनोंदणीचा फार मोठा भाग अशाच वर्गांचा आहे. मुलाला प्रवास नाही, शाळेचे अनुदान जात नाही, कॉलेजचा पट वाढतो. सगळे सुखी. पण वर्गात उभा असलेला माणूस शाळेच्या पगारावर कॉलेजचे काम करतो, आणि जे काम एरवी कॉलेजच्या प्राध्यापकाला मिळाले असते ते कमी होते, ही गोष्ट या सुखाच्या हिशेबात धरलेली नसते. त्यातच मध्यपश्चिमेकडील अनेक राज्यांतील कॉलेजांना मान्यता देणाऱ्या ‘हायर लर्निंग कमिशन’ने २०१५ साली बजावले की असे वर्ग घेणाऱ्या शिक्षकाकडे पदव्युत्तर पदवी आणि त्या विषयातील पदव्युत्तर अठरा श्रेयांक हवेत. दर्जाचा आग्रह रास्त वाटतो. परंतु पंधरा-वीस वर्षे उत्तम शिकवणाऱ्या खेड्यातल्या शिक्षकाने नोकरी सांभाळून, पदरचे पैसे घालून हे श्रेयांक कोठून आणायचे? ओरड झाली, मुदत वाढत गेली आणि पुढे अट सैल करावी लागली. नियम शहरातील सधन शाळांना कधीच जड गेला नव्हता.

मग मिळवलेला श्रेयांक पुढे चालतो का? सार्वजनिक विद्यापीठांत बहुधा चालतो. काही राज्यांनी तसे कायदेच केले आहेत. पण नामांकित खासगी विद्यापीठे आपली नाणी आपणच पाडतात. डार्टमथ कॉलेजने २०१३ साली जाहीर केले की पुढील वर्षी प्रवेश घेणाऱ्यांपासून अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटसाठी श्रेयांक दिले जाणार नाहीत. ज्या वर्तुळात ही कल्पना जन्मली, त्याच वर्तुळातील एका संस्थेने, ती सर्वांच्या हाती येऊ लागल्यावर, तिच्याकडे पाठ फिरवली. डार्टमथचे शैक्षणिक कारण प्रामाणिक असेल, पण योगायोग बोलका आहे. एका कॉलेजातून दुसऱ्यात जाताना काय होते तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे, २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी त्रेचाळीस टक्के श्रेयांक वाटेतच गळून पडले. हे आकडे सर्वच कॉलेज बदलणाऱ्यांचे आहेत, शाळेतल्यांचे नव्हेत. तरीही सोळाव्या वर्षी जमवलेली पुंजी अठराव्या वर्षी किती उरेल याची कल्पना त्यावरून यावी.

एवढ्या लांबच्या देशाची ही कहाणी महाराष्ट्रात कशासाठी सांगायची? एक तर शाळा कोठे संपते आणि कॉलेज कोठे सुरू होते, ही रेषा निसर्गाने आखलेली नाही, याचा अनुभव महाराष्ट्राइतका कोणाला असेल! १९७५पूर्वी अकरावीची शालान्त परीक्षा देऊन सोळा-सतरा वर्षांचा मुलगा सरळ कॉलेजात पाऊल टाकी. दहा-अधिक-दोन-अधिक-तीन हा आकृतिबंध आला आणि त्याच वयाची, पुष्कळदा त्याच इमारतीत बसणारी मुले ‘कनिष्ठ महाविद्यालया’ची झाली. ना धड शाळा, ना धड कॉलेज अशा या दोन वर्षांचे पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. शहरांत त्यांचा ताबा खासगी शिकवणी वर्गांनी घेतला. पटावर नाव कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासात आणि पालक दोन्हीकडे पैसे भरून मोकळे. दुहेरी नावनोंदणीचा हा देशी अवतार म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की यात श्रेयांक कोणालाच मिळत नाही.

दुसरे कारण अधिक ताजे आहे. २०२१ साली देशात श्रेयांकांची ‘अकॅडमिक बँक’ स्थापन झाली आणि एप्रिल २०२३मध्ये ‘राष्ट्रीय श्रेयांक आराखडा’ प्रसिद्ध झाला. शाळेपासून पीएच.डी.पर्यंतचे सारे शिक्षण त्यात एकाच मापाने मोजले आहे : वर्षाचे बाराशे तास, त्यांचे चाळीस श्रेयांक, म्हणजे तीस तासांचा एक. कार्नेगीचे घड्याळ अखेर आपल्या शाळेच्या भिंतीवर आले. शाळेतल्या मुलाचे श्रेयांक साठवून ठेवायची सोय एकदा झाली म्हणजे ते पुढच्या शिक्षणात जमा धरण्याची मागणी आज ना उद्या येणारच, आणि येऊ नये असे म्हणण्याचे कारण नाही. पण ती प्रथम कोणत्या शाळांतून येईल? ज्या शाळांत प्रयोगशाळा कुलपात नाही, गणिताच्या शिक्षकाची जागा तीन-तीन वर्षे रिकामी नाही आणि कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्या शाळांतून. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतून ती येण्यापूर्वी तेथे काय काय पोहोचावे लागेल याची यादी गारफील्डच्या आठ वर्षांत वाचायला मिळते.

मिनेसोटाच्या त्या कायद्यात एक लहानसे कलम आहे. शाळेतून कॉलेजात जाण्यायेण्याचा खर्च ज्या गरीब कुटुंबाला झेपत नाही, त्याला तो मागून घेता येतो. गाजलेल्या भाषणांत या कलमाचा उल्लेख नसतो. पण ज्याने ते लिहिले त्याला खेडे ठाऊक असावे. महाराष्ट्रात ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. तो गाव ते शाळा एवढाच असतो. उद्या एखाद्या मुलीने सकाळी शाळा करून दुपारी तालुक्याच्या महाविद्यालयात एक विषय घ्यायचा ठरवला, तर तिच्या पासावर कोणत्या गावाचे नाव घालायचे हे दिल्लीच्या आराखड्यात नव्हे, बसस्थानकाच्या खिडकीवर ठरेल. आणि खिडकी बहुधा दुपारी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद असेल.